जिंकलो खरं, पण बॉल गेल्यावर काय झालं?

प्रश्न असा आला आहे: कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल लीगचा पहिला सामना आमच्या तालमीच्या टीमने २-१ असा जिंकला. चौकात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, यंदा लीग आपलीच. दुसरा म्हणतो, नशिबानं वाचलो. राईट बॅकला, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूला, बाहेर बसवा म्हणून ओरड चालू आहे, आणि बाहेरून आणलेल्या फॉरवर्डने एकही गोल केला नाही म्हणून वर्गणीदार नाराज. सर, तुम्ही खेळलात, टीम सांभाळल्यात. टीमची कामगिरी जोखायची कशी?

भावा, सामना मीही पाहिला. अकरा वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळलो, त्यानंतर वीसएक वर्षं पोरांना शिकवतोय, आणि सामन्याला जाताना खिशात वही असते ही जुनी खोड. तुमच्या सामन्याचं एक पान त्यात आहे. गोल कुणी केले ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय. बाकी सगळं पान फुल्यांचं. तुमच्या पोरांच्या पायातून जिथं बॉल गेला तिथं फुली, आणि फुलीशेजारी एक आकडा: बॉल गेल्यापासून किती सेकंदांत तुमचं कुणीतरी समोरच्याच्या अंगावर पोचलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या आकड्यांत दिसतं. तुमचे दोन्ही गट भांडतायत ते स्कोअरवरून. एकाला दोन दिसतात, दुसऱ्याला एक दिसतो.

तरी स्कोअरपासूनच सुरू करू, कारण चौकात तोच चालतो. पहिला गोल चौदाव्या मिनिटाला, कॉर्नरवर. त्यांच्या गोलकीपरच्या हातून बॉल निसटला आणि तुमच्या स्टॉपरने नडगीने का होईना आत ढकलला. दुसरा पेनल्टीवर. दोन्ही गोल शंभर नंबरी, ते कुणी परत मागत नाही. पण पुढच्या सामन्यात तसेच होतील का? मोठमोठ्या लीगांचा हिशोब असा आहे की शंभर कॉर्नरमागे गोल होतात तीन-चार. पेनल्टी चारातल्या तीन आत जातात, पण पेनल्टी दर सामन्याला मिळत नाही.

टीव्हीवर हल्ली सामन्याच्या शेवटी ‘एक्स-जी’ म्हणून आकडा दाखवतात. पोरं त्याला हसतात, पण गोष्ट साधी आहे. तू जिथून फटका मारलास तिथून, तशाच अवस्थेत, आधी हजारो फटके मारले गेलेत. त्यातले किती आत गेले यावरून तुझ्या फटक्याची किंमत ठरते. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या आसपास. तीस मीटरवरून, समोर तीन जण उभे असताना हाणलेल्या बॉलची किंमत रुपयातले दोन-तीन पैसे, मग गॅलरी कितीही ‘ओऽऽ’ करो. गॅलरीत बसून दशांशाचं गणित मांडायची गरज नाही. एवढंच मोजायचं, की ‘हा गोल व्हायलाच हवा होता’ असे प्रसंग कुणाला किती आले. पेनल्टी सोडून तुम्हाला आले दोन. त्यांना चार: एक गोल, दोन बाजूच्या जाळीत, एक तुमच्या कीपरच्या पायाला लागून बाहेर.

म्हणजे ‘नशीब’वाला गट बरोबर? तर तसंही नाही. माझ्या वहीतली पहिल्या अर्ध्या तासाची बाजू बघितलीस तर तुला टीम आवडेल. फुल्या जवळजवळ सगळ्या समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, आणि शेजारचे आकडे दोन, तीन, दोन, चार. बॉल गेला की जवळचा पोरगा लगेच अंगावर, त्याच्या मागचा पासची वाट अडवून उभा, तिसरा आतल्या बाजूला सरकलेला. त्यांना मान वर करायला वेळच मिळत नव्हता. कॉर्नर मिळाला तो यातूनच. त्यांच्या बॅकने घाबरून बॉल लाईनबाहेर मारला होता. त्यामुळे पहिला गोल नशिबाचा असला तरी तो कॉर्नर नशिबाचा नव्हता.

२-० झालं आणि पान बदललं.

त्यातली तेविसावी फुली तेवढी सविस्तर सांगतो, कारण तुमचा चौकातला सगळा वाद तिच्यात आहे. उत्तरार्ध सुरू होऊन दहाएक मिनिटं झालेली. उजवीकडे, त्यांच्या बॉक्सच्या अलीकडे तुमचा थ्रो. राईट बॅक थ्रो टाकून पुढे धावला, विंगरकडून (कडेने खेळणाऱ्याकडून) लगेच बॉल परत घ्यायला. विंगरने बॉल दिला नाही. समोरच्याच्या पायांतून काढायला गेला, बॉल अडकला. फाऊल नव्हता, पण हा हात वर करून रेफ्रीकडे बघत उभा राहिला. सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर. त्याने काय केलं? तो चालला. धावला नाही, चालला. दुसरा हाफ आधीच बॉक्सच्या तोंडाशी क्रॉसची वाट बघत होता. त्यांच्या दहा नंबरने मधल्या सर्कलजवळ बॉल घेतला, वळला, मान वर केली, पायाखाली बॉल नीट करून घेतला. तोवर माझ्या वहीत सात सेकंद. मग तुमच्या राईट बॅकच्या मोकळ्या जागेत थ्रू पास, त्यांचा विंगर एकटा, फटका बाजूच्या जाळीत.

गॅलरीने शिव्या कुणाला घातल्या? राईट बॅकला. कारण शेवटी धापा टाकत मागे पळताना दिसला तो.

त्या पोराला वर जायला सांगितलं गेलं होतं, तो गेला. तो वर गेला की सेंटर हाफने त्याच्या जागी झाकून राहायचं असतं, आणि बॉल गमावणाऱ्याने निदान तीन पावलं तरी दाबून धरायचं असतं. दोघांनी ते केलं नाही. त्याला बसवून दुसरा बॅक आणा, तोही तसाच उघडा पडेल. तुला बसवायचाच कुणी असेल तर माझ्या मते आधी त्या हाफशी बोलायला हवं. बसवायची घाई त्याच्याही बाबतीत करू नका, कारण तो का चालला याचं एक कारण मला ठाऊक आहे. ते पुढे सांगतो.

हे काही आपल्याच तालमीत घडतं असं नाही. १४ ऑगस्ट २०२३ ची रात्र आठवते का? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचा हंगामातला पहिला सामना, ओल्ड ट्रॅफर्डवर, समोर वुल्व्ज. वुल्व्जचा मॅनेजर जेमतेम आठवड्याभरापूर्वी गेलेला, नवा गॅरी ओनील येऊन पाच दिवस झालेले. युनायटेडने १-० जिंकलं. ७६ व्या मिनिटाला ब्रूनोने बॉल उचलून वान-बिसाकाला दिला, त्याने तो अधांतरीच आत फिरवला, वरानने डोक्याने गोल केला. आपल्याकडच्या युनायटेडवाल्यांचे स्टेटस त्या रात्री तुझ्या चौकासारखेच होते. तीन गुण मिळाले, विषय हार्ड.

पण सामन्यात पाहुण्या वुल्व्जने तेवीस फटके मारले होते. युनायटेडने कॅसेमिरोला मध्ये एकटा ठेवून माऊंट आणि ब्रूनो दोघांना वर सोडलं होतं. बॉल गेला की या दोघांच्या मागे आणि बॅकांच्या पुढे एवढं मैदान रिकामं, की वुल्व्जचा कुन्या त्यातून बॉल घेऊन सरळ धावत सुटायचा. शेवटच्या मिनिटांत युनायटेडचा कीपर ओनाना क्रॉसला बाहेर आला, बॉल हुकला आणि वुल्व्जच्या कलाज्दिचवर आदळला. पेनल्टी द्यायला हवी होती, दिली नाही. नंतर रेफ्रींच्या संस्थेने चूक मान्य केल्याचं ओनीलनेच सांगितलं.

पुढच्याच सामन्यात टॉटनहॅमने त्यांना २-० हरवलं. हंगाम संपला तेव्हा युनायटेड आठव्या नंबरवर, ६० गुण, आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेला एक जास्त: ५७ आणि ५८. तोपर्यंत प्रीमियर लीगमध्ये ते एवढ्या खाली कधी संपले नव्हते. एफए कप जिंकले, ते वेगळं. बाद फेरीत एखाददोन दिवस नशीब आणि जिद्द पुरते. पण मधलं ते रिकामं मैदान वर्षभर तसंच राहिलं, आणि ते पहिल्या रात्रीच सगळ्यांना दिसलं होतं. बघायचं कुणाला नव्हतं, एवढंच.

याच्या उलटं उदाहरण एका वर्षाने दिसलं. ऑगस्ट २०२४, लिव्हरपूलचा पहिला सामना इप्सविचच्या मैदानावर, आर्ने स्लॉट नवा मॅनेजर. मध्यंतराला ०-०. इप्सविच लांब बॉल मारत होतं आणि अंगाला अंग भिडलं की लिव्हरपूलची पोरं कमी पडत होती. स्लॉटने मध्यंतरालाच स्टॉपर क्वान्सा बाहेर काढून कोनाटेला आणलं. पहिल्याच सामन्यात, एकवीस वर्षांच्या पोराला, पंचेचाळीस मिनिटांत. कठोर वाटतं, मलाही वाटलं होतं. त्यानंतर जोटा आणि सलाहचे पाच मिनिटांत दोन गोल, २-० जिंकले आणि पुढे लीगही घेतली. मी हे सांगतोय ते ‘बघा, बॅक बदलला’ म्हणून नव्हे. नेमकं कुठं दुखतंय ते त्याने आधी शोधलं आणि मग हात घातला, म्हणून. तुमची गॅलरी दुखतंय एकीकडे आणि शेकतेय दुसरीकडे.

मोबाईलवर सामना शूट करून ‘सर, व्हिडिओ बघा’ म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. शूटिंग करणारा बॉलच्या मागे फिरतो. बॉल डावीकडे असला की उजवा अर्धा मैदान कॅमेऱ्यात नसतोच, आणि तुमचा सगळा घोळ त्या न दिसणाऱ्या अर्ध्यातच होतो. शूटिंग करायचंच तर गोलच्या मागच्या गॅलरीत, जमेल तितकं वर बसा, आणि मोबाईल हलवू नका. खेळाडू ठिपक्याएवढे दिसतील, दिसू देत. खेळाडूंच्या दोन ओळींमधलं अंतर तिथूनच दिसतं.

आता थोडं माझ्या पापाचं. एका हंगामात माझ्या टीमने पहिला सामना ४-० मारला. हलगी लावून पोरं स्टेडियमपासून पेठेपर्यंत नाचत आली, मलाही खांद्यावर घेतलं. समोरच्या टीमचे चार कायमचे खेळाडू त्या दिवशी नव्हते. दोघांची परीक्षा, एकाच्या घरचं लग्न, एक दुखापतीने बसलेला. हे मला माहीत होतं. तरी ‘जिंकलेली टीम बदलायची नाही’ म्हणून पुढचे तीन सामने मी तेच अकरा उतरवले. तीनपैकी दोन हरलो, एक कसाबसा बरोबरीत सुटला. तिसऱ्या सामन्यानंतर मी पहिल्या सामन्याचं पान पुन्हा काढून बघितलं. सगळं तिथंच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. चार गोलांच्या आनंदात मी ते पान उघडलंच नव्हतं.

पहिल्या निकालावरून हंगाम ओळखायचा नाद किती फसवा, याचं जवळचं उदाहरण आपल्या मुंबई सिटीचं. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात त्यांचा पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडशी, गोव्यात वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. मध्यंतराआधी अहमद जाहूला लाल कार्ड, मग पेनल्टीवर गोल खाल्ला, ०-१ हरले. त्याच टीमने त्या वर्षी साखळीत पहिला नंबर काढून शील्डही घेतली आणि अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ हरवून कपही घेतला. पुढच्या हंगामात पहिल्याच सामन्यात एफसी गोवाला ३-० धुतलं. त्यात दोन गोल इगोर अँगुलोचे, जो आदल्या वर्षी गोव्याकडूनच खेळला होता. तिसऱ्या सामन्यात एटीके मोहन बागानला ५-१. तेव्हा कुणी ‘ही टीम पहिल्या चारांतही येणार नाही’ म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. ती टीम पाचवी आली.

यावर ‘मग पहिल्या सामन्याला अर्थच नाही’ असं म्हणणाराही चौकात एक असतोच, चहाचा ग्लास हातात घेऊन. अर्थ आहे. निकालातून पुढचं थोडंच कळतं, सवयीतून बरंच. फुटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून अडीच-तीन गोल होतात. एवढ्या थोड्या गोष्टींवर निकाल ठरतो तेव्हा एक उसळी, एक शिट्टी, एक ओला हातमोजा पुरतो. पण तुमच्या पोरांच्या पायातून त्या दिवशी बॉल एकेचाळीस वेळा गेला. एकेचाळीस वेळा तीच गोष्ट बघितली की त्यात नशीब फार उरत नाही. जो हाफ नऊ वेळा चालत मागे आला तो पुढच्या सामन्यातही चालणार, जोवर कुणी त्याला विचारत नाही की बाबा, का चालतोस.

मी विचारलं. सामना संपल्यावर तो पायातले शिन गार्ड काढत बसला होता. शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला आहे, सकाळी सहाच्या आधी घर सोडलेलं, दुपारी सुटल्यावर थेट स्टेडियम गाठलं, पोटात एक वडापाव. दिवाळीनंतर सराव धरून जेमतेम महिना झालेला. पहिला अर्धा तास त्याचे आकडे टीममध्ये सगळ्यांत चांगले होते. उत्तरार्धात थ्रो-इन झाला की दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणजे त्याला खेळाची समज आहे, दम संपला होता. यावर उपाय तालमीच्या हातात आहे: पाळी बदलून मिळते का बघा, सामन्याच्या दिवशी त्याच्या जेवणाची सोय करा, आणि २-० झाल्यावर त्याला पाऊण सामन्याला बाहेर काढून ताजा हाफ आणा. बेंचवर दोन हाफ बसून होते. पहिला बदल झाला तो गोल खाल्ल्यानंतर. मला त्या दिवसाचा खरा दोष तिथं दिसतो, आणि तो मैदानातल्या कुणाचाच नाही.

कोचवरही लगेच तुटून पडू नका, बरं का. पहिल्या सामन्यात कुणात किती दम आहे हे कोचलाही नक्की माहीत नसतं. सरावात सगळे घोडेच असतात. तिसऱ्या-चौथ्या सामन्यातही हेच दिसलं तर मात्र जरूर बोला.

फॉरवर्डचं सांगतो. गोल केला नाही, खरं. पण पेनल्टी कुणी मिळवली? स्टॉपरला पाठीवर घेऊन, बॉल छातीवर रोखून तो आत वळला म्हणून त्याला पाडावं लागलं. पहिल्या अर्ध्या तासात कीपरने मारलेल्या लांब बॉलपैकी बहुतेक त्याच्याच डोक्याला लागले. नंतर त्याच्याभोवती बॉल उचलायला कुणी नसायचं, कारण मधली फळी दमून विखुरली होती, आणि तो एकटा हातवारे करताना दिसायला लागला. गॅलरीला वाटलं, माज करतोय. त्याचा फर्स्ट टच डाव्या पायाला कच्चा आहे हे मान्य, आणि घेतलेल्या पैशाच्या मानाने तो हलतो कमी हेही मान्य. चार सामने बघा, मग त्याचा हिशोब करा. तोवर वर्गणीचा आकडा गॅलरीतून ओरडून सांगू नका. शेजारी बसलेल्या पोराटोरांसमोर ते बरं दिसत नाही.

लीग आपली का? माझ्या वहीवरून सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासाची तुमची टीम वरच्या तीन-चारांत शोभेल आणि उरलेल्या वेळातली खालच्या निम्म्यात. कुठली टीम खरी, हे पुढच्या सामन्यात उत्तरार्धाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत बघ. बॉल बघू नकोस, तुझ्या त्या सेंटर हाफला बघ.

आणि गोलकीपरबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. गॅलरीलाही तो दिसला नसणार. पोरगं एकोणीस-वीसचं असेल. उत्तरार्धात तीन वेळा बॉक्सच्या बाहेर पळत येऊन त्याने पायाने बॉल साफ केला, तिन्ही वेळा त्यांचा फॉरवर्ड त्याच्यापासून दोन पावलांवर होता. एकदा चुकला असता तर आज तुमच्या चौकात एकच तट असता. मी वहीत त्याच्या नावाखाली तीनदा रेघ मारलीय. संध्याकाळी तुमच्या मंडळाचे सगळे स्टेटस चाळले, पेनल्टी मारणाऱ्याचे अठरा फोटो मोजले. त्याचा एकही नव्हता.